गोजरआत्याचे निरोप

हिवरबारीत सगळ्यात आधी कोंबडा आरवतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कोंबड्याच्या आधी गोजरआत्या सुरू होते. "फोन द्या गं बायांनो, मी चालले! मागून बोंबलत येऊ नका, मी थांबणार नाय!" असं ओरडत ती खालच्या घरापासून वर चढत येते आणि थांबणार नाही म्हणत प्रत्येक दारात थांबते. कुणी पदरानं पुसून फोन देतं, कुणी चार्जरची वायर हिसकून काढतं, कुणी झोपेतच गोधडीबाहेर हात काढतं. आत्याच्या खांद्याला जुन्या लुगड्यांची, टाके घालून शिवलेली जाड थैली असते. तिला आतून कप्पे आहेत. पहिला कप्पा खालच्या भागूबाईचा, त्यानंतर सर्जेराव दुकानदाराचा, मग मधली घरं, आणि शेवटचा भिकन मेंढपाळाचा, कारण त्याचं घर सगळ्यात वर, डोंगराच्या वाटेला लागून. आत्याला अक्षर येत नाही, पण कप्पा कधी चुकला नाही.

आता हे फोन ती कुठं नेते, ते सांगायला हवं. हिवरबारी कन्नडच्या बाजूला, डोंगराच्या पोटात दडलेली आहे. मागं अभयारण्याची हद्द, तिन्ही बाजूंनी कडे, आणि मधल्या खळग्यात धनगरांची चार घरं इकडं, चार तिकडं. वारा येतो, पाणी येतं, कधीमधी बिबट्याही येऊन शेळी बघून जातो, पण मोबाईलची रेंज तेवढी येत नाही. ती मिळते वर पठारावर, एका काळ्या खडकापाशी. त्याला आधी मुंजाचा खडक म्हणायचे आणि तिन्हीसांजेला बाया तिकडं फिरकत नसत. आता त्याला रेंजचा खडक म्हणतात. मुंजा कुठं गेला म्हणाल, तर एवढ्या लोकांच्या घरगुती भानगडी ऐकून तोच पळून गेला असावा.

गोजरबाई मूळची हिवरबारीचीच लेक. लग्न होऊन खाली पिशोरकडच्या एका मेंढपाळाच्या घरी गेली होती. नवरा भला माणूस, मेंढरांमागं दोघं पार जालन्यापर्यंत हिंडली. मूलबाळ झालं नाही आणि एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन तो गेला. सासरच्यांनी हाकललं वगैरे काही नाही, उलट राहा म्हणाले. पण हिला करमेना. आपल्या वाटच्या शेळ्या घेऊन ती माहेरी परत आली आणि जुन्या हिवराच्या झाडाशेजारी छपरात राहू लागली. माहेरची लेक म्हणून गावातल्या बरोबरीच्या पुरुषांना ती दादा म्हणते आणि त्यांची पोरंबाळं तिला आत्या म्हणतात. होता होता सगळं गावच तिला आत्या म्हणायला लागलं. तिच्याहून वयानं मोठी असलेली भागूबाईसुद्धा.

शेळ्या चारायला ती रोज पठारावरच जायची. एक दिवस सर्जेरावला दुकानाच्या मालाबद्दल फोन यायचा होता आणि त्याचा पाय मुरगळलेला. "आत्या, एवढा फोन वर घेऊन जा. वाजला की हिरवं बटण दाब आणि बोल," म्हणाला. आत्यानं दाबलं, बोलली आणि संध्याकाळी व्यापाऱ्याचं म्हणणं शब्दाला शब्द येऊन सांगितलं, त्यानं मध्ये दिलेल्या शिवीसकट. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी फोन दिले. मग थैली शिवली गेली. मग रीतच पडली. सुगीला प्रत्येक घर तिला मापभर बाजरी घालतं, जसं पूर्वी लोहार-सुताराला घालायचे. हिरवं बटण दाबून फोन घेणं एवढंच तिला येतं. लावता येत नाही, आणि शिकायचीही तिला गरज वाटली नाही. "मी निरोप आणणारी हाय, निरोप धाडणारी नाय," असं ती म्हणते. धाडायचा असेल त्यानं सकाळी तिला सांगून ठेवायचं. समोरून फोन आला की ती देऊन टाकते.

तिचं काम बघण्यासारखं असतं. शेळ्या झुडपांत तोंड घालून असतात, आत्या खडकाच्या सावलीत पाय पसरून बसलेली, पुढ्यात थैली. वाजला की कप्प्यावरून ओळखते आणि एवढ्या जोरात बोलते की समोरच्याला खरं तर फोनची गरजच नाही: "हां, हिवरबारीतून गोजरआत्या बोलायलीय! बोला, कोणाला निरोप?" संध्याकाळी उतरताना वरच्या घरापासून सुरुवात. एकेक कप्पा रिकामा होतो तसा त्या घरचा निरोप डोक्यातून उतरतो. आनंदाची गोष्ट ती रस्त्यातूनच ओरडत येते, सगळ्या गावाला वाटून. वाईट असेल तर मुकाट्यानं आत जाऊन बसते, आधी चहा मागते, घरच्या माणसाला दोन घास खायला लावते आणि मगच तोंड उघडते. उपाशी पोटी वाईट बातमी देणाऱ्याला नरकात जागा मिळते, असं तिचं मत आहे. त्यामुळे आत्या बोभाटा न करता दारात आली की बाया चूल पेटवायच्या आधीच रडायला लागतात, ही एक अडचण आहे.

शब्दाला शब्द सांगण्याची सवय मात्र तिनं लवकरच सोडली. भागूबाईच्या जावयानं एकदा फोनवर सासूला उद्देशून जे काही म्हटलं, ते भागूबाईला तसंच सांगितलं असतं तर तिची लेक कायमची माहेरी आली असती. आत्यानं त्यातलं तेवढंच सांगितलं, की जावई येत्या बाजाराला लेकीला घेऊन येतोय. ते खोटं नव्हतं. पुढचंमागचं गळालं होतं, एवढंच. जोंधळे सुपात घेऊन बायका खडे निवडतात, तसे आत्या निरोप निवडायची. खडे वरच, खडकापाशी टाकून यायची. आता कुणी म्हणेल, असं दुसऱ्याच्या बोलण्यात हात घालायचा हिला अधिकार काय? मी म्हणेन, हिवरबारीत जावई-सासू, भाऊ-भाऊ, इतकी माणसं एकमेकांशी धड बोलतात, ती काय उगाच?

पण निवडणं वेगळं आणि घालणं वेगळं. आत्याचा पाय घसरला तो भिकनच्या घरच्या निरोपात.

भिकन म्हणजे जुन्या वळणाचा मेंढपाळ. त्याची मेंढरं अंधारात खोकली तरी तो ओळखायचा कोणतं खोकलं. हिवरबारीत धनगरांची एक रीत आहे: प्रत्येक कळपात एक मेंढा बिरोबाच्या नावानं सोडलेला असतो. तो कातरायचा नाही, विकायचा नाही, त्याच्यावर हात उचलायचा नाही. गळ्यात घुंगुरमाळ घालून तो पुढं चालतो, मागं कळप. म्हातारा होऊन मेला की घरचा माणूस दुसरा सोडतो. तो बाजारातून आणलेला चालत नाही. आपल्याच कळपातला आणि हातावर वाढवलेला लागतो. आणि एखाद्याच्या चुकीनं देवाचा मेंढा गेला, तर ज्याच्या हातून गेला त्याच्याच हातानं नवा सोडावा लागतो. दुसऱ्या कुणी सोडून भागत नाही. जत्रेत बिरोबाला भंडारा उधळायचा मान अशा घरांचा, ज्यांच्या कळपात देवाचा मेंढा आहे.

भिकनचा एकुलता एक मुलगा अजिनाथ. त्याला मेंढरांमागं हिंडायचं नव्हतं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात त्याला काम मिळत होतं, पण पाळीवर पोचायला मोटारसायकल हवी होती. बाप कळप घेऊन खाली गेलेला, देवाचा मेंढा पायाला लागलं म्हणून घरी ठेवलेला. अजिनाथनं तो विकला. त्यात थोडी भर घालून जुनी गाडी घेतली. भिकन परत आला, त्यानं रिकामं दावं बघितलं आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "या दारात पुन्हा पाय ठेवू नको." पोरगाही त्याचाच. "नाय ठेवणार," म्हणाला आणि गाडीला लाथ मारून निघून गेला. अजिनाथ देवाच्या मेंढ्यावर बसून शेंद्र्याला गेला, असं लोक आजही हसून सांगतात. भिकनसमोर मात्र कुणी सांगत नसे.

पुढं अजिनाथचं लग्न झालं, दिपाली नावाची गुणी मुलगी मिळाली, चिकलठाण्यात दोघांनी खोली घेतली. लग्नाला भिकन गेला नाही आणि बायकोला, दगडाबाईला, जाऊ दिलं नाही. दगडाबाईचे गुडघे इतके दुखतात की पठारावर चढून मुलाशी बोलणं तिच्यानं होत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी अजिनाथचा फोन यायचा तो आत्याच्या हातात.

"आत्या, आईचे गुडघे कसे हायेत? आन त्या म्हाताऱ्याला सांगू नका मी इचारलं म्हणून."

सकाळी भिकननं बजावलेलं असायचं: "त्याचा फोन आला तर सांग, इकडं कुणी मेलं नाय."

आत्या अजिनाथला सांगायची, "आबा म्हणले, इकडं समदे खुशाल हायेत." आणि खाली येऊन भिकनला म्हणायची, "अजिनाथ घरची फिकीर करीत होता." यात खोटं काहीच नव्हतं. दोघांच्याही बोलण्यातले खडे काढले की एवढंच उरायचं.

पण एवढंसं निघणाऱ्या धान्याची भाकरी किती दिवस पुरणार? दगडाबाई डोळ्यांत प्राण आणून विचारायची, "आणखी काय म्हणला?" मग आत्या थोडं घालू लागली. "काळी मेंढी व्याली का इचारीत होता." "अखाजीच्या सणाला तुझ्या हातच्या पोळीची सय आली म्हणला." भिकन तिकडं तोंड करून तंबाखू मळत बसलेला असायचा, पण मळता मळता त्याचा हात थांबायचा. आणि आत्या ते बघायची. तिकडं अजिनाथलाही ती दर वेळी काहीतरी द्यायची: "जेवण वेळेवर करतो का म्हणून आबा इचारीत होते." पलीकडून "बरं," एवढंच यायचं.

एकदाच असं झालं, की आत्याला काही निवडावं लागलं नाही की घालावं लागलं नाही. अजिनाथला मुलगी झाली त्या दिवशी त्यानं दवाखान्यातून फोन केला. "पोरगी झाली, आत्या," म्हणाला आणि त्याला पुढं बोलवेना. नुसता रडत राहिला. आत्या तो थांबेपर्यंत फोन कानाला लावून बसून राहिली. संध्याकाळी तिनं भिकनला सांगितलं, "पोरगी झाली. लई रडला." भिकन उठला आणि मेंढरांत जाऊन बसला. ताटातली भाकरी वाळून गेली तरी आला नाही.

यंदाच्या श्रावणात मात्र आत्यानं हद्द केली. बिरोबाची जत्रा झाली. मानाची घरं भंडारा घेऊन पुढं गेली आणि भिकन मागं, चपला काढतात तिथं, बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आत्या पठारावरून उतरली तर तो दारातल्या धोंड्यावर डोंगराकडं बघत बसलेला. एवढा ताठ माणूस, पण पाठ वाकलेली. अजिनाथनं त्या दिवशी फक्त गुडघ्यांचं विचारलं होतं. पण उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, तसं तिच्या तोंडून निघून गेलं:

"अजिनाथ म्हणला, मेंढा माझ्या हातून गेला. माझ्याच हातानं सोडीन."

भिकननं मान वळवली. "असं म्हणला?"

"व्हय."

"त्याच्या तोंडानं म्हणला?"

"मंग काय माझ्या?"

भिकन उठला. कोनाड्यातला भंडारा मुठीत घेतला आणि तसाच अनवाणी वर बिरोबाला गेला. देवाला सांगून आला की पोरगा कबूल झाला. त्या संध्याकाळी दगडाबाईनं आत्याला आग्रह करून गूळ घातलेली खीर खायला घातली आणि आत्यानं दोन घास खाऊन वाटी खाली ठेवली. माणसाशी खोटं बोलली असती तर निस्तरता आलं असतं. आता देवाला सांगितलं गेलं होतं, तेही अजिनाथच्या नावानं. देवाला दिलेला शब्द मोडला तर तो ज्याच्या नावावर असेल त्याच्या घरावर येतो, असं हिवरबारीतलं लहान पोरही सांगेल. आणि अजिनाथच्या घरात रांगतं लेकरू होतं.

आत्या हातपाय गाळून बसणारी बाई नव्हे. आठवडाही गेला नसेल, भिकनच्या कळपात एक मेंढी कोकराला जन्म देऊन मेली. नर कोकरू, काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आत्या गेली आणि म्हणाली, "दादा, हे मला दे. माझ्या शेळीला दूध हाय." भिकननं तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि दिलं. ती त्याला बाटलीनं दूध पाजायची, छपरात पायाशी घेऊन झोपायची, आणि पाजताना रोज म्हणायची, "मी नाय पाजायले बरं का बिरोबा, अजिनाथ पाजायलाय." कळप भिकनचा, कोकरू हातावर वाढलेलं, रीतीतलं एवढं तरी तिनं जमवून ठेवलं. राहिला होता अजिनाथ, ज्याला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. त्याला आणायचं म्हणून तिनं पुढच्या फोनला आणखी एक ठेवून दिलं: "आबा म्हणले, दिवाळीला पोरीला घेऊन ये." ऐकून अजिनाथ म्हणाला, "बघतो." मेंढ्याचं समोरासमोर आल्यावर सांगू, असा आत्याचा हिशेब.

हिशेब ठीक होता, पण मध्ये टॉवर आला.

गावानं किती वर्षं मागितलेला टॉवर शेवटी हद्दीबाहेरच्या गायरानात उभा राहिला. लोक नाचायचे बाकी होते. "आत्या, आता तुझे पाय सुटले," भागूबाई म्हणाली. "सुटले बाई," आत्या म्हणाली. बाजरीचं माप जाईल याचं तिला फार वाटलं नाही, शेळ्या होत्या. तिची पाचावर धारण बसली होती ती वेगळ्या कारणानं. टॉवर सुरू झाला की बाप-लेक सरळ बोलणार, आणि पहिल्याच बोलण्यात तिचं सगळं उघडं पडणार. भिकन म्हणेल, मेंढा कधी सोडतोस. अजिनाथ म्हणेल, कसला मेंढा. आणि मग जे तुटेल ते कुठल्याही आत्याला सांधता येणार नाही.

ती अजिनाथच्या फोनची वाट बघत राहिली, निदान त्याला तरी आधी सांगावं म्हणून. सणाच्या आधी कारखान्यात जास्तीचं काम असतं. त्या आठवड्यात त्याचा फोनच आला नाही. हिला लावता येत नव्हता. कुणाला लावून मागावा, तर "काय काम हाय?" म्हणून दहाजण कान टवकारणार. हिरवं बटण सोडून दुसरं एखादं शिकून घ्यायला काय झालं होतं, म्हणून तिनं स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या.

आणि दिवाळी तोंडावर आलेली असताना, एका संध्याकाळी, हिवरबारीतले सगळे फोन एकदम किणकिणायला लागले. सगळं गाव हिवराच्या पाराशी जमलं. सर्जेराव सगळ्यांना नंबर लावून देत होता आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावत होता. हिवरबारीत फोन गुपचूप ऐकायची कुणाला सवयच नव्हती. दगडाबाई काठी टेकत आली. "माझ्या अजिनाथला लावून द्या हो."

भिकन पारावर लांब बसला होता. आत्या कोकराला कवटाळून हिवराच्या बुंध्यामागं उभी.

आई आणि मुलगा आधी नुसतेच रडले. मग गुडघे झाले, दिपाली झाली, नात बोबडं काहीतरी बोलली आणि सगळं गाव हसलं. तेवढ्यात सर्जेरावनं, आगाऊपणा त्याच्या अंगातच आहे, फोन उचलून भिकनपुढं धरला.

"आबा?" फोन म्हणाला.

भिकननं घसा खाकरला. इतक्या दिवसांनी बोलायचं म्हणजे माणूस हवापाण्याचं विचारतो. भिकननं विचारलं, "मेंढा कधी सोडतोस?"

"मेंढा?"

"देवाचा. गोजरीपाशी म्हणला होतास ना, माझ्या हातानं सोडीन म्हणून. म्या बिरोबाला सांगून ठेवलंय."

रेंज गेली की काय म्हणून सर्जेराव फोन हलवून बघायला लागला. आत्यानं डोळे मिटले आणि कोकराच्या लोकरीत बोटं रुतवली.

"आत्या हाय का तिथं?" अजिनाथनं विचारलं.

"हाय की. झाडाआड उभी हाय."

अजिनाथ म्हणाला, "व्हय आबा. म्हणलो होतो. दिवाळीला येतो आन सोडतो. तुमीच बोलावलं ना, पोरीला घेऊन ये म्हणून?"

भिकननं असं काही कधी म्हटलं नव्हतं. त्यानं मान वळवून हिवराकडं बघितलं. आत्याचा अर्धा चेहरा आणि कोकराचा पांढरा ठिपका, दोन्ही त्याला दिसले. तो बराच वेळ बघत राहिला.

"व्हय," म्हणाला. "म्हणलो होतो म्या. ये."

गावाला यात काही वावगं वाटलं नाही. सर्जेरावनं पुढचा नंबर लावला. आत्या बुंध्याला टेकून खाली बसली. कोकरू तिचा पदर चघळत होतं, तिनं चघळू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिवरबारीत खरोखरच कोंबडा आधी आरवला. आत्या न ओरडता शेळ्या घेऊन निघाली. थैली सवयीनं खांद्याला होती, रिकामी. वरच्या घरापाशी भिकन उभा होता, हातात फोन.

"आज आवाज नाय दिला?"

"खालीच लागतो की आता, दादा."

"लागतो. पण काल काय बोलला तो? येतो, सोडतो, ठेवतो. काळीचं इचारलं नाय. जेवलो का म्हणून बी इचारलं नाय. तुझ्यापाशी तर लई बोलायचा." त्यानं फोन शेवटच्या कप्प्यात टाकला. "ने वर." आत्यानं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मिशीच्या आत काहीतरी हललं होतं, पण भिकन वळून मेंढरांकडं गेला.

पाडव्याला अजिनाथ आला, त्याच जुन्या गाडीवर, मागं दिपाली आणि मध्ये मुलगी. "मेंढ्यावर बसून गेला, मेंढ्यावर बसूनच आला!" सर्जेराव ओरडला, आणि या वेळी भिकनसमोर ओरडला. दगडाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. भिकननं नातीला उचललं, ती त्याच्या मिशीला लोंबकळली, आणि तो तिला तशीच घेऊन वर बिरोबाला निघून गेला. मुलाशी तो अजून काही बोलला नव्हता.

अजिनाथ आधी आत्याच्या छपराशी आला. कोकरू बऱ्यापैकी वाढलं होतं, गळ्यात नवी घुंगुरमाळ. आत्यानं दावं त्याच्या हातात दिलं आणि हात जोडले.

"चुकलं माझं, लेका."

"ते ऱ्हाऊ द्या. आधी सांगा, मी आबाला आणखी काय काय म्हणलोय? त्यांनी इचारलं आन मला ठावं नसलं, तर दोघं बी उघडे पडू."

आत्याला हसू फुटलं. ती खाली बसली, त्याला बसवलं आणि एकेक सांगायला लागली. काळी मेंढी. अखाजीची पोळी. थंडी पडली तेव्हा, आबांनी घोंगडी घेतली का म्हणून विचारलेलं. कारखान्यातल्या लोकांना त्यानं सांगितलेलं, की माझे आबा अंधारात खोकल्यावरून मेंढरू ओळखतात. पहिल्यांदा अजिनाथ हसत होता. मग हसायचा थांबला आणि दाव्याची गाठ सोडत-बांधत ऐकत राहिला.

"हे समदं मी म्हणलो?"

"व्हय."

"चांगलं बोललो की."

"आन पोरगी झाली तवा लई रडलास, ते बी सांगितलं."

"ते तर मी खरंच रडलो होतो, आत्या."

"व्हय. तेवढं एक तुझं. बाकी समदं म्या घातलेलं."

अजिनाथनं बाहीनं डोळे पुसले. "नाय आत्या," म्हणाला, "समदं माझंच हाय. तोंडातून निघत नव्हतं, एवढंच."

वरून भिकननं हाळी दिली. अजिनाथ उठला आणि दावं धरून निघाला, पण मेंढा जागचा हलेना. त्याला आत्याशिवाय कुणाची सवय नव्हती. ओढून न्यावा, तर देवाच्या मेंढ्यावर जोर करायचा नाही. शेवटी आत्याच पुढं झाली आणि जीभ टाळूला लावून रोजच्यासारखा आवाज काढत चढण चढू लागली. मेंढा घुंगरं वाजवत तिच्या मागं, आणि त्याच्या मागं अजिनाथ. दावं मात्र अजिनाथच्या हातात होतं.